विहिरीवरचे बोलणे

माझ्या टेबलावर सध्या एकाच पुस्तकाच्या तीन प्रती पडलेल्या आहेत आणि तिन्ही सारख्या नाहीत. पहिली हिंदी: अमृतलाल नागर यांचे १९४८चे भाषांतर, ‘आँखों देखा गदर’. दुसरी मराठी, चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली छापलेल्या पाठावरून निघालेले पुनर्मुद्रण. तिसरीही मराठीच, दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून सिद्ध करून १९६६ साली काढलेली. पुस्तक म्हणाल तर एकच, वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. मी भाषांतर करते, इतिहास लिहीत नाही. पण एका तळटीपेपायी या तीन प्रती गेली काही वर्षे माझ्या टेबलावरून हललेल्या नाहीत. ती टीप माझीच होती आणि ती चुकली होती.

आधी गोडसे भटजींविषयी, कारण हे मासिक वाचणाऱ्या सगळ्यांच्याच घरी ते पुस्तक असेल असे नाही. पेणजवळच्या वरसई गावचा हा भिक्षुक ब्राह्मण. घरावर कर्ज. अशात बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत, लाखो रुपये खर्च होणार आहेत. दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, जमल्यास काशीयात्राही होईल, या हिशेबाने १८५७ साली विष्णुभट आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. निघाले यज्ञाला आणि पोचले बंडात. महू, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट असे करत, मिळवलेले पुन्हापुन्हा लुटीत गमावत, शेवटी गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते घरी परतले आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. झाशीला इंग्रजी फौजेचा वेढा पडला तेव्हा ते आत शहरात होते. राणी लक्ष्मीबाईंना त्यांनी जवळून पाहिले होते. या सगळ्याची हकीकत त्यांनी वैद्यांच्या आग्रहावरून लिहून काढली, पण ती १८८३च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षांनंतर.

मी इंदूरची. आमच्या घरात मराठी बोलली जाते, शाळा हिंदी. त्यामुळे गोडसे भटजी मला पहिल्यांदा भेटले ते हिंदीत, मोहल्ल्यातल्या वाचनालयात, नागरांच्या तोंडून. पेणच्या भटजींचे बोलणे लखनौच्या लेखकाच्या हिंदीत वाचले आणि त्यात काही गैर आहे असे तेव्हा वाटलेही नाही. इंदूरच्या मराठी माणसाचे पुष्कळसे वाचन असेच वळसा घालून होते. महू आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. रेसिडेन्सी कोठी, जिच्यावर १ जुलै १८५७ रोजी हल्ला झाला, ती तर शहरातच. राणीचे दत्तक चिरंजीव दामोदरराव पुढचे आयुष्य इंदूरला राहिले, इथेच १९०६ साली वारले. तेव्हा हे पुस्तक आपल्या गल्लीतलेच आहे, अशी माझी समजूत होती.

पुढे तौलनिक साहित्यात एम.ए. केले, भाषांतरे करू लागले. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका इंग्रजी संकलनासाठी ‘माझा प्रवास’मधला एक उतारा मागितला गेला. मी विहिरीचा प्रसंग निवडला. तो कोणीही निवडेल. झाशी पडलेली, राणी निसटलेली. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी गोडसे थांबलेले असताना काही घोडेस्वार येतात. त्यांतला एक जण पुरुषी वेषातला, धुळीने माखलेला, तहानलेला. त्या म्हणजे बाईसाहेब. गोडसे पाणी काढून देऊ लागतात, तर त्या त्यांना थांबवतात: तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नये. स्वतः मडक्याने पाणी काढून ओंजळीने पितात. आणि मग बोलतात. आपण विधवा, आपला हक्क तो काय, अर्ध्या शेर तांदळाचा. हे सगळे अंगावर घ्यायची आपल्याला काही गरज नव्हती. पण धर्माचा अभिमान धरून या कामात पडलो, आणि आता यश दिसत नाही. अशा अर्थाचे काही बोलून घोड्यावर बसून निघून जातात.

भाषांतर करताना हात थरथरावा असा हा मजकूर. (‘शेर’ने मला दोन दिवस छळले, ते वेगळेच. हिंदीत तो ‘सेर’ होतो म्हणून निभावते. इंग्रजीत मी त्याचे पौंड केले. आता वाचताना लाज वाटते.) उताऱ्याखाली मी टीप दिली: प्रत्यक्ष पाहणाऱ्याने लिहिलेली, राणीचे शब्द जसेच्या तसे नोंदवणारी हकीकत. इतिहासाचे प्राथमिक साधन.

संकलन निघाल्यावर काही महिन्यांनी ग्वाल्हेरहून एक पोस्टकार्ड आले. पाठवणारे निवृत्त शिक्षक होते. बारीक, सरळ अक्षर. भाषांतर आवडल्याचे एक वाक्य आणि त्याखाली तीन प्रश्न. आपण कोणती प्रत वापरली? ‘जसेच्या तसे’ हे कोणाचे म्हणणे, गोडश्यांचे की आपले? आणि त्या वेळी विहिरीवर हे बोलणे ऐकणारे दुसरे कोण होते?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लगेच देता येत होते: ज्याने लिहून ठेवले असा दुसरा कोणी नाही. दुसऱ्याचे उत्तर: माझे. पहिल्या प्रश्नाने मात्र घाम फोडला. मी वापरलेली प्रत वैद्यांच्या पाठाची होती, आणि पोतदारांनी काढलेली वेगळी आवृत्ती आहे हे ठाऊक असूनही मी ती उघडलेली नव्हती. ज्या मुलीने एम.ए.ला पाठभेदांवर निबंध लिहून चांगले गुण मिळवले होते, तिने प्रत न पाहता ‘गोडश्यांचेच शब्द’ म्हणून छापून टाकले होते.

वैद्यांनी काय केले होते? त्यांनी हस्तलिखित जपले, त्याचे मोल ओळखले. मुळात त्यांनी मागितले नसते तर गोडसे लिहायला बसले असते की नाही याचीच शंका आहे. हे ऋण मोठे आहे. पण छापताना त्यांनी भाषा सारखी केली, काही गाळले, काही सौम्य केले. शाळेत शिकलेल्या मराठी वाचकाला चालेल असे पुस्तक तयार केले. गोडसे तोवर हयात नव्हते. आणि साल १९०७. बंडाला पन्नास वर्षे झालेली, त्याच वर्षी लाला लजपतराय यांना हद्दपार केलेले. पुढच्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला व्हायचा होता. अशा हवेत राणीच्या बाजूने बोलणारी हकीकत छापणारा माणूस दोन वेळा वाचून एक वाक्य खोडत असेल, तर त्याला मी तरी नावे ठेवणार नाही.

गंमत अशी की हेच वैद्य महाभारताचे मोठे अभ्यासक. मूळ ग्रंथ कोणाचा, त्यात पुढे कोणी भर घातली, थर कसे ओळखायचे, यावर त्यांनी ग्रंथ लिहिले. सौतीने काय वाढवले हे शोधणाऱ्या पंडिताने गोडश्यांच्या पोथीवर मात्र आपला एक थर चढवला. तो थर उतरवून पोतदारांची आवृत्ती आली १९६६ साली, पुण्यात. त्याच साली, त्याच पुण्यात, भांडारकर संस्थेतले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे जवळजवळ अर्धशतक चाललेले काम पुरे झाले. नागरांचे हिंदी भाषांतर अर्थातच या आधीचे, म्हणजे वैद्यांच्या पाठावरचे. तेव्हा लहानपणी मी जे वाचले होते ते गोडश्यांचे बोलणे, वैद्यांनी सावरलेले, नागरांनी हिंदीत आणलेले. मुळापासून मी तिसऱ्या पायरीवर उभी होते आणि समजत होते की विहिरीच्या काठावर आहे.

इथे शब्दांविषयी थोडे. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ‘प्राथमिक साधने’ आणि ‘दुय्यम साधने’ असे दोन कप्पे असतात. मराठीत हे दोन्ही शब्द जरा घात करतात. ‘प्राथमिक’ म्हटले की शाळा आठवते, म्हणजे सोपे, सुरुवातीचे. आणि ‘दुय्यम’ म्हटले की कमअस्सल. फारसीतून आलेला हा शब्द मुळात नुसता ‘दुसरा’ एवढेच सांगतो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खरेदीखत नोंदवणाऱ्याला आपले खत हलक्या दर्जाचे आहे असे कधी वाटत नाही. पण ‘दुय्यम साधन’ म्हटले की विद्यार्थी नाक मुरडतो आणि ‘प्राथमिक’ म्हटले की हात जोडतो. राजवाड्यांच्या पिढीचा शब्द होता ‘अस्सल’. अस्सल कागद आणि त्याची नक्कल. १८९८पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड काढली, वाड्यांचे माळे आणि दप्तरांचे रुमाल धुंडाळत, आणि बखरींवर विसंबून इतिहास लिहिणाऱ्यांना चांगलेच फटकारले. त्या काळी ते करायलाच हवे होते. त्या फटक्यांमुळे मराठी वाचकाला एक सवय मात्र लागली: कागद अस्सल ठरला की त्यातला मजकूरही खरा मानायचा. माझ्या टिपेतही तीच सवय होती.

पोस्टकार्डाला उत्तर द्यायचे म्हणून मी ‘माझा प्रवास’ नव्याने वाचायला घेतले. या खेपेस पोतदारांची प्रत, शेजारी पेन्सिल, आणि प्रत्येक प्रसंगापुढे एकच खूण: पाहिले की ऐकले. हा खेळ कोणीही करून पाहावा. झाशीचा वेढा, गोळे पडू लागल्यावर शहराची झालेली दशा, फौज आत शिरल्यावरची कत्तल आणि लूट हे पाहिलेले. लुटीचे दिवस गोडसे वस्तूंवरून मोजतात. आधी सोनेनाणे, मग भांडीकुंडी, मग कापडचोपड आणि धान्य. घरात लपून बसलेल्या माणसाला तारखा आठवत नाहीत, आज काय नेले ते आठवते. अशी स्मरणे बनवून सांगता येत नाहीत असे माझे मत आहे. त्याच वेढ्याविषयी बाहेरच्या बाजूने लिहिलेलेही उपलब्ध आहे. सर ह्यू रोझ यांचे खलिते आहेत, फौजेबरोबरचे डॉक्टर टॉमस लो यांचे १८६०चे पुस्तक आहे. तटाच्या दोन बाजूंनी लिहिलेले हे मजकूर शेजारी ठेवले की दिवसांचा हिशेब लो आणि रोझ यांच्याकडून घ्यावा, आणि त्या दिवसांत गल्लीत काय चालले होते ते गोडश्यांकडून.

पण कानपूरची हकीकत ऐकीव. दिल्लीची ऐकीव. खुद्द झाशीत ८ जून १८५७ला इंग्रज स्त्री-पुरुष-मुलांची जी कत्तल झाली, तेव्हा गोडसे झाशीत नव्हतेच. म्हणजे एकाच पुस्तकात, कधी एकाच पानावर, पाहिलेले आणि ऐकलेले शेजारी शेजारी आहे, आणि लेखक एकाच सुरात दोन्ही सांगतो. मग या पुस्तकाला कोणत्या कप्प्यात घालायचे?

महूजवळचा तो प्रसंग घ्या. उत्तरेकडे जाताना शिपायांच्या तोंडून त्यांना बंडाचे कारण कळते. कलकत्त्याला म्हणे इंग्रजांनी राजेरजवाड्यांची सभा भरवली आणि हिंदू-मुसलमानांचा धर्म बुडवणारी चौऱ्याऐंशी कलमे पुढे ठेवली. अशी सभा कधी भरली नाही. अशी कलमे कधी निघाली नाहीत. घडलेल्या गोष्टींची नोंद म्हणून पाहिले तर हा मजकूर टाकाऊ आहे, आणि माझ्या एका इतिहासवाल्या मैत्रिणीने तो तसा टाकलाही होता. मी मात्र या पुस्तकातला हा सर्वात मोलाचा भाग मानते. १८५० साली धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क राखणारा कायदा झाला होता. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा आला, त्याच साली नव्या शिपायांना समुद्रापारही जावे लागेल असा हुकूम निघाला. मग काडतुसे. या सगळ्याची गोळाबेरीज छावणीतल्या माणसाच्या मनात कशी झाली, ती चौऱ्याऐंशी कलमे कशी झाली, हे कोणत्याही सरकारी खलित्यात सापडणार नाही. कलकत्त्यात काय घडले, असा प्रश्न विचाराल तर गोडसे तिसऱ्या हाताचे साक्षीदार. रस्त्यावर लोक काय खरे मानत होते, असे विचाराल तर ते पहिल्या हाताचे. पुस्तक तेच, पान तेच. प्रश्न बदलला की साधनाची जागा बदलते. आणि १९०७ सालचा मराठी संपादक काय छापायला धजत होता, हा प्रश्न असेल तर वैद्यांचा ‘बिघडलेला’ पाठ हेच अस्सल साधन. पोतदारांची शुद्ध प्रत तेव्हा एकटी कामाची नाही. दोन्ही शेजारी ठेवाव्या लागतात.

राणीचे स्वतःचे शब्द हवे असतील तर? तेही आहेत, असे आपण म्हणतो. झाशीच्या कत्तलीनंतर चार दिवसांनी, १२ जूनला, आणि पुन्हा १४ जूनला राणीने जबलपूरचे कमिशनर एर्स्किन यांना पत्रे लिहिली. शिपायांच्या क्रौर्याचा धिक्कार, आपल्याजवळ फौज नव्हती म्हणून मदत करता आली नाही याचा खेद, शिपायांनी वाडा उडवून देण्याची धमकी देऊन पैसे उकळल्याची तक्रार, आणि पुढे काय करावे याची विचारणा. एर्स्किन यांनी उत्तरात नवा अधिकारी येईपर्यंत कारभार पाहण्यास सांगितले. तारीख आहे, पत्ता आहे, घटनेनंतर आठवड्याच्या आत लिहिलेले आहे. पाठ्यपुस्तकातली व्याख्या काढून ताडून पाहिली तर याहून प्राथमिक साधन कोणते?

भाषांतरकार म्हणून मी जरा थबकते. ही पत्रे आज आपण वाचतो ती इंग्रजीत, कचेरीत केलेल्या भाषांतरात. राणी इंग्रजीत लिहीत नव्हती. तिने सांगितले, मुन्शीने दरबारी रिवाजाप्रमाणे कागदावर उतरवले, भाषांतर करणाऱ्याने साहेबाला कळेल असे केले. त्यात नम्रतेची जी वाक्ये आहेत ती राणीची किती आणि खरिता लिहिण्याच्या रीतीची किती? पत्र तरी कोणाला लिहिले होते? ज्याच्या हातात तिचे राज्य होते त्याला, तेही तिच्या दारात बंदुका घेतलेले शिपाई उभे राहून गेल्यानंतर. या पत्रांवरून राणी सरकारशी एकनिष्ठ होती असे सिद्ध करणारे आहेत, आणि हा निव्वळ कावा होता असे म्हणणारेही आहेत. मला यातले काहीच म्हणता येत नाही. मी एवढेच सांगू शकते की ताज्या कागदातला शब्द मोजूनमापून, भीती आणि हिशेब दोन्ही मनात ठेवून वापरलेला असतो, आणि पंचवीस वर्षांनी आठवून लिहिणाऱ्या वरसईच्या भटजींना राणीकडून किंवा सरकारकडून काही मिळवायचे उरले नव्हते. त्यांच्या शब्दाला वेगळ्या गोष्टींनी वाकवले असेल: वयाने, आदराने, दरम्यान ऐकलेल्या कथांनी.

उलट बाजूचेही एक उदाहरण देते. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ साली राणीचे मराठी चरित्र लिहिले. हे व्याख्येप्रमाणे दुय्यम साधन, कारण पारसनीसांनी काही पाहिलेले नाही. पण राणीचा त्या कत्तलीशी संबंध नव्हता असे सांगणारे, मार्टिन नावाच्या इंग्रजाने १८८९ साली दामोदररावांना लिहिलेले पत्र त्यांनी त्यात छापले आणि आपल्यापर्यंत ते त्या चरित्रातूनच आले. दुय्यम पुस्तकाच्या पोटात प्राथमिक कागद. आणि तो कागद तरी घटनेनंतर बत्तीस वर्षांनी लिहिलेला. पाकीट उघडावे तर आत पुन्हा पाकीट.

जॉन लँग यांचेही तसेच. हा वकील १८५४ साली संस्थान खालसा होत असताना राणीला सल्ला द्यायला झाशीला गेला होता. बोलणे पडद्याआडून चालले होते, लहानग्या दामोदरने पडदा बाजूला केला आणि लँगला क्षणभर राणी दिसली. तो क्षण त्याने लिहून ठेवला आहे. पण पुस्तक छापले १८५९ साली, जेव्हा ती रणात पडून वर्ष झाले होते आणि सारे इंग्लंड तिचे नाव ओळखत होते. तिच्या रूपाविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा क्षण वापरला. मीही वापरला असता.

लहानपणी शाळेत सुभद्राकुमारी चौहान यांची कविता आम्ही घोकत असू. ती इतिहासाचे साधन आहे असे कोणी म्हणणार नाही. पण आता लक्षात येते की तिच्या पालुपदातच कवयित्रीने आपले साधन सांगून टाकले आहे: हे मी बुंदेलखंडातल्या हरबोल्यांकडून ऐकले. माझ्या टिपेपेक्षा ही कविता जास्त प्रामाणिक होती. महाश्वेतादेवींनी १९५६ साली आपले पहिले पुस्तक, राणीचे बंगाली चरित्र, लिहिले तेव्हा त्या बुंदेलखंडात हिंडल्या, गाणी आणि आठवणी गोळा केल्या आणि त्यांना कागदपत्रांच्या शेजारी बसवले. नागरांनीही १९५७ साली ‘गदर के फूल’ लिहिताना अवधच्या गावागावांत जाऊन शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टी लोकांकडून ऐकल्या. ‘माझा प्रवास’चे भाषांतर करणाऱ्यालाच हे सुचावे यात मला काही नवल वाटत नाही. भटजींकडून ते ऐकायला शिकले असणार. हा अर्थात माझा तर्क, नागरांनी तसे कुठे म्हटलेले मी वाचलेले नाही.

तर विहिरीचे काय? मी पुष्कळ विचार केला. माझे मत आज असे आहे. मडके मी मानते. तहान मानते. ब्राह्मणाला पाणी काढू न देणे मानते, कारण राणीच्या बोलण्यावागण्यात हा धर्माचार गोडश्यांनी झाशीतही टिपलेला आहे, आणि ज्याच्या हातून पाणी घेतले गेले नाही तो भिक्षुक ही गोष्ट मरेपर्यंत विसरणार नाही. शब्दांची मात्र हमी देणार नाही. अर्धा शेर तांदूळ हे राणीच्या तोंडचे असेल. ती मूळची मराठी घरातली, विधवेच्या वाट्याला काय येते हे तिला कोणी शिकवायला नको होते. पण कोकणातल्या, तांदळावर जगणाऱ्या, घरोघरच्या विधवांना त्याच मापाने मोजलेले पाहत आलेल्या माणसाने पंचवीस वर्षांनी ते वाक्य आपल्या मापाने भरले असेल, हेही शक्य आहे. बुंदेलखंडात राज्य केलेल्या बाईने गहू म्हटले असते का, असा एक वेडगळ प्रश्न माझ्या वहीत लिहिलेला आहे. त्याचे उत्तर कोणत्याच प्रतीत नाही. आणि तरीही, तिने ते शब्द उच्चारले नसतील असे समजून चालले, तरी एका राणीची सारी लढाई विधवेच्या तांदळाशी ताडून पाहणारे ते वाक्य १८८३ सालच्या एका मराठी माणसाच्या लेखणीतून उतरले, एवढे तर पक्के आहे. तेही थोडे नाही.

ग्वाल्हेरच्या गुरुजींना मी चार पानी पत्र लिहिले. चूक कबूल केली. त्यांचे उत्तर पुन्हा पोस्टकार्डावर: चूक मोठी नाही, पण इंग्रजीत गेली म्हणजे आता ती दुसऱ्यांच्या तळटिपांत उतरेल, आपण लक्ष ठेवावे. तसे झालेही. गेल्या वर्षी एका कन्नड लेखात तो उतारा माझ्या इंग्रजीवरून घेतलेला दिसला, खाली टीप: राणीचे शब्द, जसेच्या तसे. लेखकाने स्रोत प्रामाणिकपणे दिला होता. स्रोत मी होते. त्यांना लिहिले, त्यांनीही समजून घेतले, पण अंक छापून वाटून झाला होता.

आता संकलनाची दुसरी आवृत्ती निघते आहे. उतारा मी पोतदारांच्या प्रतीवरून पुन्हा केला आहे, पौंड काढून शेर घातला आहे, आणि टीप नव्याने लिहिली आहे: कोणी पाहिले, केव्हा लिहिले, कोणी सावरले, कोणी पूर्ववत केले, मी कोणत्या पाठावरून घेतले. टीप उताऱ्याहून लांब झाली. संपादकांचा परवा फोन आला, एवढी जागा नाही, दोन ओळींत बसवा. रात्रभर काटछाट करून मी दोन ओळी पाठवल्या. ‘पंचवीस वर्षांनी आठवून लिहिलेले’ एवढे शब्द त्यात ठेवले आहेत आणि पोतदारांचे नाव. वैद्यांचे नाव बसत नव्हते. ते मी आज सकाळी पुन्हा घातले आणि तीन ओळी झाल्या.